सातवीचा खिळा

स्पर्धेनंतरच्या उत्तेजक-चाचणीत लघवीचा नमुना द्यायला खोळंबलेला गोळाफेकपटू शेजारच्या मायलेकींचं बोलणं कान देऊन ऐकत होता.

“आई, गेल्या खेपेला पहिली आले होते. आज सातवी.”

“आणि गेल्या खेपेला याच खोलीत थरथर कापत होतीस. त्या इंजेक्शनांनी आवाज अगदी मामासारखा झाला होता तुझा!”

“पदकही काढून घेतलं त्यांनी.”

“त्याचा खिळा आहे ना अजून भिंतीत? तुझा आजचा छातीवरचा नंबर टांगते तिथे.”

“सातवीचा?”

“स्वतःच्या पायांनी आलीस की! पाणी पी.”

“पोटाचा रांजण झालाय, तरी होत नाहीये.”

“मामाच्या आवाजात ओरडून बघ एकदा. घाबरून होईल.”

“आई, हसवू नकोस गं! आली, आली!”

“मग पळ, हा शेजारचा दांडगोबा उठायच्या आत! यात तरी पहिली ये!”