वाजणारा गुडघा

— काढा म्हणतोय ना ताई, काढा ती सोनेरी खीळ, आणि माझी जुनीच बसवा गुडघ्यात. फेकली नाहीत ना? — हां, ती काय, त्या डबीत. कळतंय हो, आठवडाभर खपलात तुम्ही माझ्या या नकली पायासाठी, आणि मीच मागे लागलो होतो, आवाज बंद करा म्हणून. जिना चढताना कर्रर्र-टक, कर्रर्र-टक — अख्ख्या इमारतीला कळायचं, लंगडेराव आले! तुम्ही तेव्हाच समजावलंत — टायटॅनियमवर टायटॅनियम घासलं की एकमेकांना ओरबाडतं, चिकटतं, काळी पूड पडते, नुसत्या तेलानं भागत नाही, खिळीवर हा कडक सोनेरी थर हवा, वर कोरडं वंगण. पटलं. काम झकास झालंय. खोट कामात नाहीच.

मग काय झालं? — काही नाही. काल घरी गेलो, एवढंच. चावीनं दार उघडलं, आत शिरलो, कुणाला पत्ता नाही. स्वयंपाकघरात बायको आणि पोरगी हसत होत्या — आमच्याकडे एवढं हसतात हे मला माहीतच नव्हतं! माझ्यासमोर गप्पच असतात, मला वाटायचं स्वभावच तसा दोघींचा. दाराशी उभा राहिलो. पोरगी माझी नक्कल करत होती — एक पाय ताठ ओढत, तोंडानं कर्रर्र-टक — अगदी हुबेहूब! मलाच हसू फुटलं. आईशप्पथ, राग नव्हता आला. शाबासकी द्यायला हात वर केला — आणि तिनं वळून पाहिलं. दोन्ही हातांनी डोकं झाकून खालीच बसली हो. आठ वर्षांची पोर. आई मध्ये धावली, हातात उलथनं तसंच — ‘चुकलं तिचं, चुकलं’ — अरे, मी काही बोललो तरी का? — नाही, नाही, तसलं काही नाही आमच्याकडे, असं बघू नका. आवाज चढतो कधीतरी. कधीतरी — कुणाच्या घरात होत नाही? — ओरडत नाहीये मी! खुर्ची कशाला मागे घेताय? बरं. बरं, हळू बोलतो.

जुनी खीळ अडकेल, माहीत आहे. एखाद दिवशी जिन्यात तोंडावर पडेन, तेही माहीत आहे. पण इतकी वर्षं खालच्या पायरीवर आवाज झाला की वर दोघींना कळायचं — हसू आवरायचं, पसारा उचलायचा, तेवढा वेळ मिळायचा त्यांना. आता जीव मुठीत धरून दाराकडे बघत बसणार. आज सकाळी दप्तर भरताना पोरीनं विचारलं — आईला, मला नाही — ‘बाबांचा पाय आता कधीच वाजणार नाही का?’

बसली? थांबा, चालून बघतो. — हं. वाजतोय. आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत, घरापर्यंत पोचायला हवा. — काय म्हणालात? पायाचं राहू दे, हाताचं बघा? — ताई, तुम्ही पायाचं काम करता, पायापुरतं बोला. आणि ती कुपी ठेवा बाजूला. तेल नको म्हटलं ना.