कडेला जरा मऊच येतं

नाही नाही नाही, मला नका सांगू! ग्रुप फोटो काढायचाय ना, खुशाल काढा, त्या दारावरच्या वॉचमनला बोलवा, तो फार तर कुणाचं डोकं उडवील, कुणाचे पाय उडवील, पण मी फोटोत काय उडवतो ते तुम्हाला माहीत नाही! काय म्हणालात? एवढा हौसेने कॅमेरा घेतलाय, मग तो कपाटात का? अहो, तेच तर! त्या कॅमेऱ्यापायी मी आठवडाभर माझ्याच घरात चोरासारखा वावरतोय, बायको समोरून आली की मी बाल्कनीत, बाबा बाल्कनीत आले की मी बाथरूममध्ये, आणि बाथरूममध्ये नेमका आरसा, म्हणजे तिथेही सुटका नाही... बसा. बसा, ऐकाच आता.

तुम्हाला सांगतो, कॅमेरा घेतला तेव्हा मी माणूस बरा होतो. छोटासा मिररलेस. दुकानदार म्हणाला, "साहेब, खिशात मावतो!" मावतो ना, मावतो, फक्त त्यानंतर बसता येत नाही. घरी आणला तर बायको विचारते, "मिररलेस म्हणजे काय रे?" मी छाती फुगवून म्हटलं, "म्हणजे आत आरसा नाही." तर म्हणते कशी, "मग तुमचं दोघांचं जमेल. तूही कधी आरशात बघत नाहीस." हसलो मी. तेव्हा हसू यायचं हो मला! धडाधड फोटो काढले, कुंडीतलं रोप, बाबांची डुलकी, चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी आत्या... सगळे मस्त आले. म्हणजे मला वाटलं, मस्त आले. मग ते मी ऑफिसात नेऊन भिंगरावांना दाखवले आणि तिथेच माशी शिंकली.

भिंगराव म्हणजे आमच्या खरेदी खात्यातले साहेब. खरं नाव काय ते त्यांच्या आईला ठाऊक, आम्ही भिंगराव म्हणतो, कारण हा गृहस्थ फोटो कधी अख्खा बघतच नाही! बाळाचा फोटो द्या, बाळ बघणार नाहीत, बाळाच्या भुवईचा एक केस मोठा करून बघतील. माझा फोटो उघडला, खटाखट मोठा केला, पार कोपऱ्यात सरकवला, आणि एक्स-रे बघताना डॉक्टर करतात ना, तसा चेहरा केला. "लेन्स कुठली?" म्हटलं, "कॅमेऱ्याबरोबर खोक्यात आली तीच." "अरेरेरे... किट लेन्स!" असं म्हणाले की मला वाटलं आता घरच्यांना बोलवून घ्या म्हणतील. "मधे बरी आहे हो, मधे धार आहे, पण कडेला बघा, मऊ! पार मऊ! या पानांचा लगदा झालाय!" आता ते पान कुठलं? तर आमच्या कुंडीच्या मागे शेजाऱ्यांची कुंडी, त्या कुंडीतलं! त्या पानाकडे उभ्या जन्मात मी ढुंकून बघितलं नव्हतं, शेजाऱ्यांनीही नसेल, पण त्या दिवसापासून मला फोटोत दुसरं काही दिसेचना!

आणि माझ्या तोंडी एकच पालुपद... किट लेन्स आहे हो, कडेला जरा मऊच येतं! कुणी म्हणावं, "वा, काय सुंदर फोटो!" की मी लगेच, "किट लेन्स आहे हो, कडेला जरा मऊच येतं!" कुणी विचारलंय का? नाही! गप्प बसता येतं का? तेही नाही! आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, त्यांना तर आयतं कोलीत मिळालं. माझ्या हातून चहा सांडला की ते गंभीर चेहऱ्याने बशीकडे बघून, "किट कप आहे हो, कडेला जरा मऊच येतो!"

मग भिंगराव म्हणाले, टेस्ट करा. वर्तमानपत्र भिंतीवर चिकटवा, सपाट, आणि त्याचा फोटो काढून चारही कोपऱ्यांतली अक्षरं तपासा. केलं! हॉलमधली तसबीर उतरवली, अख्खा पेपर भिंतीवर चिकटवला, कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला आणि घरात फर्मान काढलं की कुणी चालायचं नाही, फरशी हलते! बाबा बिचारे अर्धा कप चहा हातात घेऊन सोफ्यावर पुतळा होऊन बसले. तेवढ्यात आत्या आली. थबकली. भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कपाळावरचा चष्मा काढून माझ्यापुढे धरला. "अरे ठोंब्या, एवढ्या लांबून वाचतोयस होय? घे, माझा लाव." म्हटलं, "आत्या, वाचत नाहीये, कडेची अक्षरं तपासतोय." ती भिंतीजवळ गेली, नाक लावून बघून आली आणि म्हणाली, "कडेला नुसत्या जाहिराती आहेत रे. बातमी मधे आहे." आता हिला काय समजावणार! तरी दुपारभर दिवा हातात धरून उभी राहिली हो, मी सांगेन तसा, वर, खाली, जरा डावीकडे... गुडघे दुखतात तिचे. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी अक्षरं बघत होतो ना.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिली, आईबाबा दोघं नोकरीला, तेव्हा मला वाढवलं तिने. लाँड्रीच्या काउंटरवर होती, आलेल्या कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावायची. अख्ख्या वस्तीला कॉलरवरून ओळखायची! "तो उंच माणूस ना, वरून कडक आहे, पण कॉलर बघ, घाबरट आहे, घाम फुटतो त्याला." शाळेतून मी थेट लाँड्रीत, काउंटरखाली इस्त्रीच्या उबेत माझा अभ्यास, आणि वरून हिचा हात खाली येणार, कधी टपली, कधी गोळी. गोळी देताना सुद्धा गिऱ्हाईकाला कळू द्यायची नाही. तर आता तिला आमचे तीन जिने होईनात. लाँड्रीतलीच तिची एक मैत्रीण दुसऱ्या गावी तळमजल्यावर एकटी राहते, तिच्याकडे जायचं ठरलं. कायमचं. आणि जाताना बाईने मागितलं काय? कपाट नाही, पलंग नाही. म्हणाली, "एवढा कॅमेरा घेतलायस, तर आपल्या सगळ्यांचा एक फोटो काढून दे. तिकडे भिंतीवर लावीन. मला तिथं ओळखतंय कोण?"

एक फोटो! एकच! जन्मभर केलं तिने, आणि मला करायचं काय होतं, तर बोटाने बटण दाबायचं!

पण मला स्वस्थ बसवतंय का? भिंगरावांचा क्लास लावला. भिंगराव म्हणाले, "लांब जाऊन झूम करा. आणि ते कॅमेऱ्याने आपोआप चेहरे ओळखणं बंद करा, ते नवशिक्यांसाठी. फोकसचा एकच ठिपका ठेवायचा, बरोब्बर मधे!" ठेवला. रविवारी ताई-भावोजी आले, दुपारी आत्याची गाडी, त्याआधी फोटो. मी तिकाटणं नेऊन उभं केलं पॅसेजच्या पार टोकाला, आणि हॉलमध्ये खुर्च्या मांडायला घेतल्या, आणि इथे... इथे हो, मला दुर्बुद्धी सुचली. मी म्हटलं, लेन्स मधे धारदार, कडेला मऊ, तर मग माणसंही तशीच लावावीत! जास्त महत्त्वाचा तो मधे, कमी महत्त्वाचा तो कडेला! बाबा मधे. आई त्यांच्याजवळ. भावोजी जावई, त्यांना कडेला टाकून चालेल का? तेही मधे. ताई, बायको, त्यांच्या अलीकडे-पलीकडे. आणि सगळ्यांच्या मधोमध, जिथे लेन्सची धार सगळ्यात जास्त, तिथे एक रिकामी खुर्ची. कुणासाठी? सांगायलाही जीभ रेटत नाही... माझ्यासाठी! मी टायमर लावून धावत येणार ना!

इतक्यात आत्या स्वयंपाकघरातून आली, हातात भांडी पुसायचं फडकं. जाण्याच्या दिवशी सुद्धा भांडी पुसत होती ती. म्हणाली, "मी कुठं बसू रे?" आणि मी, तिच्याकडे न बघता, कॅमेऱ्याच्या मागूनच ओरडलो, "आत्या, तू तिकडे, अगदी कडेला. तिथे मऊच येतं, तिथे कुणीही चालेल!"

बाबा म्हणाले, "अरे, फोटो तिच्यासाठी आहे ना?" इथे तरी माणसाने जीभ चावावी की नाही? नाही! मी म्हणालो, "म्हणूनच तर! ती फोटो बघणार आहे. स्वतःचं तोंड काय, तिला रोज आरशात दिसतंच!" वर ते पालुपद! "किट लेन्स आहे हो, कडेला जरा मऊच येतं!" बायकोने डोळे मिटून घेतले. आणि आत्या? आत्या म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. म्हातारपणी मऊच बरं." सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. सगळ्यात मोठ्याने मी. खुर्ची शिल्लक नव्हती, म्हणून ती मागे भिंतीला टेकून उभी राहिली, कडेला, स्विचबोर्डच्या बाजूला. मी बटण दाबलं, लाल दिवा लुकलुकायला लागला, पॅसेजमधून पळत सुटलो, टीपॉयवर गुडघा आपटला, धप्पकन मधल्या खुर्चीत बसलो आणि दात काढले. खटक्! झालं. दुपारी गाडी आली, आत्या गेली. जिना उतरताना दर पायरीला थांबत होती, आणि मी तिची बॅग घेऊन पुढे, डोक्यात एकच, कोपरे कसे आले असतील!

सगळे गेल्यावर फोटो कॉम्प्युटरवर उघडला. मोठा केला. बाबा... मऊ. आई मऊ. भावोजी मऊ, आणि मधोमध मी, मऊ म्हणजे काय, दात कुठले नि ओठ कुठले कळेना! पण माझ्या डोक्याच्या मागे, भिंतीवरचं कॅलेंडर? एकेक तारीख वाचून घ्या! मग उजेड पडला. अहो, मी बटण दाबलं तेव्हा मधल्या खुर्चीत होतं कोण? कुणीच नाही! फोकसचा तो एकुलता एक ठिपका माझ्या रिकाम्या जागेतून आरपार गेला आणि मागच्या भिंतीवर जाऊन बसला! लेन्सने तिचं काम चोख केलं, मीच जागेवर नव्हतो. तरी सवय कशी जाते बघा, तोंडातून निघालंच, "किट लेन्स आहे हो, कडेला जरा..." आणि फोटो कडेला सरकवला.

कडेला आत्या होती. भिंतीला टेकलेली. आणि अख्ख्या फोटोत तेवढा एकच चेहरा लख्ख आला होता. हातातल्या फडक्याच्या दशा मोजून घ्या, इतका लख्ख. कपाळावर चष्म्याचा वळ. ओठ हसत होते. डोळे हसत नव्हते. आणि ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती हो, ती बघत होती मधल्या खुर्चीकडे, माझ्याकडे. डोळ्यांच्या कडेला पाणी. किट लेन्सने, त्या खोक्यातल्या बिचाऱ्या लेन्सने, कडेच्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी टिपलं, आणि मी त्याच खोलीत होतो, चार पावलांवर, मला दिसलं नाही.

लाज वाटली. कान तापले हो. आणि लाज वाटल्यावर माणूस काय करतो? सुधारतो? छे! लपवतो! ती मधली माणसं धारदार करायला घेतली, तर सगळ्यांचे चेहरे कोळशाने गिरवल्यासारखे झाले. मग म्हटलं, उलटं करू. आत्यालाच जरा मऊ करू, म्हणजे सगळे सारखे दिसतील, कुणाला काही कळणार नाही! खरंच! माउस हातात धरून मी आत्याचं दुःख पुसट करत बसलो होतो, आणि मागे बायको केव्हा येऊन उभी राहिली मला पत्ताच नाही. माझ्या हातातून माउस काढून घेतला, मी केलेलं सगळं पुसलं आणि होता तस्सा फोटो आत्याला पाठवून दिला. मी म्हटलं, "अगं, असा कसा पाठवलास?" म्हणाली, "तू काढलास तसा."

झालं. चार दिवस फोन नाही. फोन वाजला की मी बाथरूममध्ये. शेवटी काल आला. आत्याच! आवाज खणखणीत. "अरे ठोंब्या, लावला बरं का फोटो! चांगला मोठा करून घेतला, पलंगासमोर आहे. किती छान आलेय रे मी! मैत्रीण म्हणते, तुझा असा फोटो जन्मात कुणी काढला नव्हता." म्हटलं, आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही. डोळे मिटले आणि म्हटलं, "आत्या, चुकलो गं. मी तुला कडेला बसवलं..." "बसवलं कुठं? उभी केलीस. खुर्ची नव्हती." मग म्हणाली, "जाऊ दे रे. मला तुम्ही सगळे दिसता, मला काय चष्मा लागतो तुम्हाला ओळखायला? पण इथल्या बायका येतात ना बघायला, त्या विचारतात, ही तू, कळलं, पण हा मधोमध पुसट पुसट कोण बसलाय?"

मी म्हटलं, "मग तू काय सांगतेस?"

"काय सांगणार? म्हटलं, तो माझा भाचा. फोटो त्यानेच काढलाय."

"मग?"

"मग काय, सगळ्या एकदम म्हणाल्या, 'तरीच!'"

म्हटलं, आत्या, त्यांना माझा नमस्कार सांग.