डिस्क जळालेल्या नाहीत

नाही मॅडम, जळालेल्या नाहीत. कोण म्हणालं जळाल्या — काका ना? काकांना जे दिसत नाही ते त्यांच्या लेखी जळालेलंच असतं. बसा. तिथं नको, त्या स्टुलावर तुमची ती लाकडी पावलं ठेवलीत, इकडे खिडकीशी बसा. आता हे बघा. हा लिनक्सचा इन्स्टॉलर, मशीनमध्ये नव्यानं सिस्टिम टाकणारा. भाषा विचारून झाली, कीबोर्ड विचारून झाला, आता विचारतोय कुठल्या डिस्कवर बसू — आणि खाली यादी रिकामी. सकाळी मशीन उठेना म्हणून काका इथपर्यंत पोचले आणि निकाल देऊन मोकळे झाले. मी केबल काढून लावून पाहिली. बायोसमधल्या सेटिंग पाहिल्या. दुसरा पेनड्राइव्ह आणला, नव्या व्हर्जनचा, कारण कधीकधी इन्स्टॉलरला कार्डाची ओळखच नसते. ओळख आहे. कार्ड दिसतंय, कार्डामागच्या डिस्क दिसत नाहीत. कार्ड म्हणजे — यात डिस्क थेट मशीनला लावलेल्या नसतात, मध्ये हे कार्ड असतं. चारही डिस्क त्याच्या ताब्यात. ते त्यांची मिळून एक मोठी डिस्क बांधतं आणि तीच पुढे करतं. बांधलीच नाही तर इन्स्टॉलरला दिसणार काय, कप्पाळ? म्हणून मी मशीन परत चालू केलं आणि चालू होता होता कार्डाच्याच मेनूत शिरलो. तिथं चारही आहेत. ठणठणीत. फक्त सुट्या. कोणी कोणाला बांधलेली नाही.

सुट्या कशा झाल्या? आपोआप होत नाहीत मॅडम. काल तुमचं जुनं मशीन बसलं, ते या प्लास्टरच्या धुळीनं — त्याच्या पंख्यात बोट घालून बघा, पिठाची गिरणी झालीये. सकाळी काकांनी दुकानातून हे दुसरं आणलं, जुन्यातल्या डिस्क याच्यात घातल्या, इथवर ठीक. चालू केल्यावर कार्डानं पाहिलं की या डिस्क भलत्याच कार्डानं बांधलेल्या आहेत, आणि ते केकाटायला लागलं. ऐकलंत ना? आणि केकाटता केकाटता त्यानं पडद्यावर एक प्रश्न विचारला — जुनी जुळणी ठेवू की विसरू? वाचायचं आणि 'ठेव' म्हणायचं, संपलं. पण काकांसमोर तुम्ही उभ्या, मशीन बोंबलतंय, इज्जतीचा प्रश्न — त्यांनी 'विसर' दाबलं. कारण आवाज बंद झाला. मला फोनवर म्हणाले, "अरे, आवाज येत होता रे!" बस्. एवढंच कारण. आमच्या घराण्यातच आहे ते — आवाज कशाचा येतोय ते बघायचं नाही, बंद कसा होईल ते बघायचं. मी कॉलेज सोडलं तेव्हा माझ्या वडिलांनी का सोडलंस म्हणून विचारलं असेल? छे. "हळू बोल" म्हणाले. मी हळू बोललो नाही, मग त्यांनी खिडक्या लावल्या. मग मला बाहेर काढलं. खिडक्या तेव्हा उघडल्या असतील.

तेव्हापासून काकांकडे आहे. घरी नाही हो, दुकानात, मॉनिटरच्या खोक्यांमागे गादी टाकलीये. काकू डबा पाठवते. उपकार आहेत, मी नाही म्हणत नाही, आणि दर दोन वाक्यांनी आठवण करून देणारे असल्यामुळे विसरण्याची सोयही नाही. आणि त्या उपकारकर्त्यानं आज मला काय सांगून पाठवलंय? जा, मॅडमना सांग जळाल्या, आणि डिस्क काढून घेऊन ये. घेऊन कशाला यायच्या? — तुम्ही दुसऱ्या कोणाला दाखवू नयेत म्हणून. घ्या. बोलून बसलो. आलो तेव्हा ठरवलेलं नव्हतं हां मी बोलायचं. जिन्यात 'जळाल्या, जळाल्या' घोकत आलो होतो.

रागावू नका, निदान माझ्यावर. आणि तुम्हीही काही कमी नाही, स्पष्ट सांगतो. वेगळी कॉपी का नाही ठेवली? "काका म्हणाले चार डिस्क आहेत, एक गेली तर बाकीच्या सांभाळतात." एक गेली तर! चौघींना एकदम विसरायला लावलं तर? लोकांचे पाय बनवता तुम्ही. माप परत घेता येईल, मान्य, पण कोणाला कुठं टोचलं, कुठं घासलं, किती वेळा खरवडून पायाची ती सॉकेटची वाटी बसली, ते सगळं या चारांत आहे. ते परत कोण सांगणार? त्यांची कातडी?

बरं. ऐका. शिवण उसवलीये, कापड फाटलेलं नाही. परत तशीच जुळणी बांधता येते — मापं तीच, क्रम तोच, आणि शेवटी कार्ड 'साफ करून घेऊ का' म्हणालं की नाही म्हणायचं. पण क्रम! काकांनी डिस्क काढल्या तेव्हा तुम्ही इथंच होतात ना? आठवा. एकेक काढून तुमच्या हातात दिली? आणि तुम्ही टेबलावर — एकावर एक. मग त्यांनी फडक्यानं पुसून वरची आधी उचलली आणि पहिल्या खणात घातली. म्हणजे शेवटची पहिली झाली. सगळा क्रम उलटा. नक्की? मॅडम, 'बहुतेक' नका म्हणू. बहुतेकवर मी या बटणाला बोट लावणार नाही.

नाही, 'करून तर बघ' नाही. क्रम चुकला तर हे कार्ड मागच्या मागे दुरुस्ती सुरू करतं, चुकीचंच खरं धरून लिहीत सुटतं, आणि मग खरंच काही उरत नाही. आधी चारही डिस्कच्या जशाच्या तशा कॉपी, मग कॉपीवर काय ते प्रयोग. वेळ लागेल. उद्या संध्याकाळ म्हणा. बाहेर त्या बाई बसल्यात, मला दिसत नाही का? सलवारीचा एक पाय दुमडून पिन लावलेला, मांडीवर पिशवी. त्यांना उद्या या म्हणून सांगा. का ते पण सांगा — 'सर्व्हर डाऊन' वगैरे नको. अहो — कीबोर्डवरून हात काढा. हात काढा म्हणतोय ना!

ओरडलो. माफी मागणार नाही.

कोऱ्या डिस्क दुकानात आहेत. काका देणार नाहीत, पण शटरची किल्ली माझ्याकडे असते. चोरून नाही आणणार, फोन करून सांगेन की नेतोय, आणि कशाला नेतोय तेही सांगेन. मग गादी गुंडाळावी लागेल. कळतं मला तेवढं. कुठं जाणार ते विचारू नका — वडिलांकडे? हॅ. त्यापेक्षा तुमच्या प्लास्टरच्या गोण्या बऱ्या.

मशीनची वायर मी बरोबर नेतोय. हो, तुमच्यावर विश्वास नाही म्हणूनच. आणि काका येतील. हात जोडतील, कदाचित रडतीलही, माणूस वाईट नाही तो — डिस्क देऊ नका. आणि उद्या मीच येऊन म्हणालो ना, की जाऊ दे मॅडम, माझीच चूक झाली होती, जळाल्याच होत्या — तर मलाही देऊ नका. असं बघू नका माझ्याकडे. सरका. दारातून सरका म्हणतो.