त्याले कंडेन्सर नाही म्हणत

हसू नका बे, सांगतो. भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर बंद पडला म्हणून मोताळ्याले सलीमचाचाच्या दुकानात गेलतो. चाचानं खोलून पाह्यला. म्हणे, "बेटा, कंडेन्सर गेला." अन् खणातून एक जाडजूड नवा काढला.

"चाचा, त्याले कंडेन्सर नाही म्हणत, कपॅसिटर म्हणतात. म्या डिप्लोमा केला हाय. अन् एवढा ढब्बू काऊन लावता? या लहानावर बी हजारच मायक्रोफॅरड लिहेल हाय. जुना माल खपवून राह्यले काय?"

"पण व्होल्ट..." चाचा एवढंच बोलले. म्या त्यायच्या हातची सोल्डरिंग गन घेतली अन् लहानाच लावला.

दोन मिनिटं भजन झकास वाजलं. मंग फट्! चाचाच्या पांढऱ्या दाढीत त्या लहान्यातल्या कागदाचे तुकडे.

दाढी झटकत ते म्हणे, "हजार दोन्हीवर हाय. पण लहान पंचवीस व्होल्टाचा, मोठा त्रेसष्टचा. तुमच्या मशीनीत चाळीस येते. जास्त व्होल्ट झेलाले अंग मोठं लागते, बेटा."

मंग तो फुटका उचलून त्यायनं विचारलं, "याले काय म्हणतात म्हणला तू?"

टोमणा असता तं परवडलं असतं. चाचा खरंच विचारत होते, शिकून घ्याले.