शूटिंगपुरती सोबत

(वागळे इस्टेटमधलं जाहिरात कंपनीचं ऑफिस. दर्शनाला खडवलीहून गोदूबाईंचा फोन आलाय.)

गोदूबाई : …ती पोरगी परत कधी येणार, तेवढंच सांग बाय.

दर्शना : कोणती, आजी?

गोदूबाई : निळ्या साडीतली. शूटिंगला माझी वेणी घातली, पाय चेपले.

दर्शना : रुचिता? ती मॉडेल आहे हो. त्या दिवसापुरती आणलेली.

गोदूबाई : ते कळतंय मला. पण एकट्या म्हाताऱ्यांकडे सरकारची बाई रोज येणार, असं जाहिरातीत तुम्हीच म्हणता ना?

दर्शना : तुमच्याकडे योजना अजून सुरू व्हायचीय.

गोदूबाई : मग जाहिरात कशी लागली?

दर्शना : प्रसिद्धीचा निधी आधी आला. काल फेसबुक-इन्स्टासाठी अजून वाढवून मिळाला. बायकांची भरती सरकारचं दुसरं खातं करतं, आमच्याकडे फक्त व्हिडिओ.

गोदूबाई : केवढी माणसं आलेली! गाड्या काय, डबे काय, भिंतीला रंग काय. तोसुद्धा पुढच्याच भिंतीला.

दर्शना : कॅमेऱ्यात तेवढीच येत होती… आजी, मला मीटिंग आहे.

गोदूबाई : सूरज यायचा बंद झाला गो.

दर्शना : सूरज कोण?

गोदूबाई : मुलगा माझा. डोंबिवलीला असतो. रविवारी यायचा, भाजी टाकायचा, घटकाभर बसायचा. त्याने मोबाइलवर बघितलं. म्हणाला, आई, तुझ्याकडे बाई येते, माझी काळजी मिटली.

दर्शना : अहो, मग तुम्ही सांगितलं नाहीत? ते नुसतं शूटिंग होतं म्हणून?

गोदूबाई : सांगणार होते. पण इतका खूश होता. कामावर सगळ्यांना दाखवलं म्हणाला, ही माझी आई.

दर्शना : नंबर द्या त्याचा. मी बोलते.

गोदूबाई : नको. तू सांगितलंस म्हणून आला, तर घड्याळ बघत बसेल.

दर्शना : मग मी काय करू, आजी?

गोदूबाई : एक विचारू? जाहिरातीत ती बोलते, तो आवाज तिचा नव्हे. ती तर नाकात बोलायची.

दर्शना : …माझा आहे. तिचा नीट आला नाही, म्हणून नंतर मी बोलले.

गोदूबाई : वाटलंच. म्हणून तर तुलाच फोन लावते. जाहिरातीतलं ते बोल ना एकदा.

दर्शना : आत्ता? ऑफिसात?

गोदूबाई : हळू बोल. मला ऐकू येतं.

दर्शना : …आजी, जेवलात का?

गोदूबाई : नाही गो. आता घेते वाढून.