टाचेचा नंबर

खारघरच्या इस्पितळात नंदकुमार सकाळपासून स्वतःच्या गाठीचा तुकडा संशोधनाला देण्याच्या संमतीचा कोरा फॉर्म धरून बसला होता. शेजारी संशोधक मुलगी बोनकोड्याच्या आजींना समजावत होती.

“आजी, पेशीत ‘वाढ’ सांगणारी चिठ्ठी असते, आरएनए. काम झालं की ती नष्ट व्हायला हवी. पण एक प्रथिन तिला धरून ठेवतं, म्हणून कातडीचा कॅन्सर वाढत राहतो.”

“म्हंजी मिठागर भरलं तरी बांधाची उघाडी, पान्याचं दार, लावू देत नाय, असा मानूस!”

“अगदी! ऑपरेशननंतर तुमच्या टाचेच्या तुकड्यात त्यालाच शोधायचंय.”

“शोध की. डबीवर काशी लिव.”

“नाव नसतं, आजी. नंबर असतो. अठ्ठ्याहत्तर.”

“चालीस वरसं मीठ तुडवलंय या टाचेनं. अठ्ठ्याहत्तर ना? ध्यानात ठेवते. त्यो गावला का मला पयलं सांग.”

नंदकुमार पुढे वाकला.

“मॅडम, पेन द्या. एकोणऐंशी माझा.”