सोंगाड्या गप बसत न्हाई

मी मूळची जुन्नरची. आमचे अब्बा तमाशाचे कपडे शिवायचे, राजाचा झगा, परधानाचं जाकीट, आन् दसऱ्याच्या आधी फडाच्या तालमी लागल्या की मापं घ्यायला नारायणगावला जाताना मला आन् आपाला संगं न्यायचे. आपा म्हंजे माझी थोरली बहीण. ती गाण्यात रमायची, मी वगात. काय सांगू तुमाला, राणी रडायला लागली की मी पडद्याकडं बघत बसायची, आता येतो का सोंगाड्या, कारण फडाचा नेमच व्हता, रडं लांबू द्यायचं न्हाई, पब्लिक उठून जातं, सोंगाड्यानं मधी घुसायचं आन् हसवायचं. तुमी इचारता लिवायला कुठं शिकले, तर तितंच. दिवाळी अंकात माझ्या चार गोष्टी आल्यात, चारींत त्यो हाय.

पण त्यानंच माझा घात केला. चार वर्सं झाली, पेठला आपाच्या सासरी तिचे मालक वारले. ड्रायव्हर माणूस, लई सज्जन, पण जल्मात कुठं येळेवर पोचले न्हाईत. जनाजा उचलायची येळ, आपा धाय मोकलून रडतीय, मला बघवंना, आन् माझं तोंड सुटलं, आज पैल्यांदा दुल्हाभाई येळेवर निघाले. दोघीतिघी बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आपाचं रडं थांबलं. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. तवापासून बोलत न्हाई, फोन उचलत न्हाई. जळलं मेलं माझं तोंड!

आता आळेफाट्याला माझं शिवणाचं दुकान हाय. गिऱ्हाईक नसलं की मशिनीवरच वही ठिवून आपाला माफीचं लिवायला बसते. तिचं दुख तेवढं लिवायचं, बाकी काय न्हाई. पण दोन वळी झाल्या की त्यो सोंगाड्या मधी घुसतोच. शेवटी चिडून त्याची एकूणएक वळ खोडली, चांगल्या अक्षरात वही उतरवली आन् भाचीच्या हाती धाडली. आठ दिसांनी भाचीच वही परत घिऊन आली. म्हणली, खाला, अम्मीनं सगळं वाचलं, चांगलं हाय म्हणली, पण हे कुणाकडनं लिवून घेतलं म्हणून इचारलंय.

आता बोला! ठिवला तर ती दुखावती, काढला तर मीच उरत न्हाई. कोंडून घातल्यावानी झालंय बघा. अल्ला तिला सुखात ठिवो, चार वर्सांनी तिनं मला इचारलं तर हे इचारलं.

आज सकाळी परत वही उघडली. त्याला म्हणलं, ये बाबा आत, पण आपाचं रडून होईस्तवर गप बस. बसलाय. मी एक वळ लिवली की त्यो माझ्या तोंडाकडं बघतो.